उसने हात

माझ्या हातांनी टोरोंटोला पहिल्यांदा विमान उतरवलं, तेव्हा मी पनवेलच्या घरी भेंडी चिरत होतो.

थाप वाटेल. पण मी कॅप्टन पराग बोंद्रे, मूळचा अकोल्याचा, आणि मला थापा मारायला फुरसत नसते. सत्तर सीटांचं पंख्यांचं विमान घेऊन मी दिवसभर नवी मुंबई, जळगाव, नांदेड, सिंधुदुर्ग अशा चकरा मारत असतो. एक फेरी संपली की अर्ध्या तासाच्या आत पुढची. तेवढ्यात जुने प्रवासी उतरतात, नवे चढतात, कुणीतरी पिशवी विसरतं, कुणाला खिडकीच हवी असते, आणि मी गार झालेल्या उपम्याचे चार घास पोटात ढकलतो. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून भेंडी हाती घेतली होती, आणि फोन वाजला.

"उतरले रे," गार्गी म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे, तू उतरलास. इतकं अलगद, की मागच्या लोकांना आधी कळलंच नाही. कळल्यावर टाळ्या वाजवल्या त्यांनी."

मी सुरी खाली ठेवली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. उभ्या जन्मात मी टोरोंटोला गेलेलो नाही, पण माझे हात जाऊन आले होते.

हे कसं झालं ते सांगायचं तर आमच्या घरातल्या जुन्या भांडणापासून सुरुवात करायला हवी.

गार्गी सबनीस ही माझी बायको. तीही कॅप्टन, पण आंतरराष्ट्रीय. आम्ही दोघं एकाच फ्लाइंग क्लबात शिकलो, एकाच वायंगणकर सरांच्या शिव्या खाल्ल्या, नोकरीची सुरुवातही दोघांनी पंख्यांच्याच विमानावर केली. मग ती मोठ्या विमानावर गेली आणि मी मागे राहिलो. मला कुणी अडवलं नव्हतं. मला माझ्याच उशीवर झोप लागते, दुसऱ्या कुठल्या नाही, एवढंच कारण. तेव्हापासून जेवायच्या टेबलावर आमचा वाद ठरलेला, की खरं विमान उडवतं कोण?

"तुमचं काय बाई," मी म्हणायचो. "चौघं वैमानिक, पाळ्या लावून झोपता. उतरलं की हॉटेलात जाड पडदे ओढायचे आणि भर दुपारी रात्र करायची. येताना चीज आणायचं. मजा आहे!"

"आणि तुझं काय? वर चढलास न चढलास तोच खाली. एसटी चालवतोस तू, पराग. फक्त घंटी नाही."

"एसटी तर एसटी. जळगावला मी दार उघडायच्या आत चहा तयार असतो. तुला कोण विचारतं तिकडं?"

"मला? मला इमिग्रेशनवाला विचारतो ना. दर वेळी. तेच तेच प्रश्न."

गार्गीची आई, माई, आमच्याकडेच राहतात. त्या ताटातला भात कालवत शांतपणे म्हणायच्या, "दोघंही हवेत असता. घर मी उडवते."

आमच्या धंद्यातली एक रीत आम्ही घरातही आणली होती. विमानात एक वैमानिक दुसऱ्याच्या हाती सूत्रं देतो तेव्हा नुसता हात काढून घेत नाही. देणारा म्हणतो, "यू हॅव कंट्रोल." घेणाऱ्यानं "आय हॅव कंट्रोल" असं म्हटल्याशिवाय देणाऱ्यानं सोडायचं नाही. नाहीतर दोघांनाही वाटतं की दुसऱ्यानं धरलंय, आणि विमान कुणाच्याच हातात नसतं. आमच्याकडे कढईतलं उलथनंही असंच या हातातून त्या हातात जायचं. माई कपाळाला हात लावायच्या, पण पुढं पुढं त्याही शिकल्या. देवघरातलं निरांजन गार्गीकडे देताना त्या "कंट्रोल" म्हणायच्या.

वाद आपला चवीपुरता होता. मनातून मला तिचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! एकदा भर समुद्रावर, सगळ्यात जवळचा विमानतळ तीन तासांवर असताना, एका आजोबांच्या छातीत कळ आली. या बाईनं डोकं शांत ठेवून, वारा, इंधन, अंतर सगळं तोलून विमान एका बर्फाळ बेटावर नेऊन उतरवलं, आणि आजोबा नातवाच्या लग्नाला चालत गेले. माझ्या विमानात कुणाला मळमळलं तरी खाली कुठलं ना कुठलं गाव दिसत असतं. ती चार दिवसांनी घरी यायची तेव्हा पहाट आहे का तिन्हीसांज हेही तिच्या अंगाला कळत नसायचं, तरी ती आधी माईंच्या गुडघ्यांना तेल चोळायची, मग मला उत्तरेच्या आकाशात लहरणाऱ्या हिरव्या उजेडाबद्दल सांगायची. ऐकता ऐकता माझी भाजी करपायची. हे आयुष्य मला एक महिनाही झेपलं नसतं.

एकाच बाबतीत ती हळवी होती, ती म्हणजे लँडिंग.

चौघांत मिळून लँडिंग एकच असतं. महिन्यातून एखाद-दुसरं वाट्याला यायचं. "तू दिवसातून पाच-सहा वेळा जमिनीला भेटतोस," ती एकदा म्हणाली, "मी महिन्यातून एकदा. आणि ओळख विसरू नये म्हणून सिम्युलेटरमध्ये खोट्या जमिनीवर उतरून येते. हात मरतो रे."

मला ते लागलं, कारण लँडिंग हीच तर तिची खरी कला. फ्लाइंग क्लबात गार्गी उतरतेय म्हटलं की आम्ही हातातला चहा ठेवून बाहेर यायचो. बाकी आम्ही सगळे जमिनीवर तुटून पडणारे. ती मात्र वाट बघायची. धावपट्टीवर आली की नाक हलकेच उचलून धरायची आणि थांबायची, जमीन आपणहून चाकांना येऊन लागेपर्यंत. इतका दम कुणात नसतो. वायंगणकर सरांनी कधी कुणाला चांगलं म्हटलं नाही, पण तिचं लँडिंग झालं की ते चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसायचे. तेवढ्यावरून आम्ही काय ते समजायचो. मी तिच्या प्रेमात पडलो तो त्या लँडिंगपायीच, हे तिला माहीत आहे आणि माईंनाही.

मग उजळणी टोपी आली.

ही टोपी डॉक्टर नफीसा मुजावर यांनी शोधली. बाई मिरजेच्या, विषय झोप. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण दिवसा हातानं जे शिकतो, मग ते पोळी लाटणं असो, तबला असो की सायकल, ते मेंदू गाढ झोपेत पुन्हा पुन्हा घोकतो. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, हाताचं शहाणपण तिथं मुरतं. मग एकाच्या हाताचं कौशल्य टिपून ते दुसऱ्याला झोपेत घोकायला लावलं तर? माझ्यासारखा माणूस उतरताना मनगटांवर पट्ट्या बांधतो, कानांमागे चकत्या लावतो, चष्म्यात डोळ्यांची हालचाल टिपणारं भिंग बसवतो. हातानं किती जोर लावला, कधी सोडला, नजर कुठं होती, सगळं टिपलं जातं. घेणाऱ्यानं टोपी घालून झोपायचं. गाढ झोप लागली की टोपी अगदी मंद स्पंदनांनी तेच लँडिंग त्याच्या मेंदूकडून घोकून घेते. उठल्यावर काही आठवत नाही, पण हाताला येत असतं.

एक अडचण होती, ती उंचीची. चाकं जमिनीला टेकतात तेव्हा माझे डोळे फार तर एसटीच्या टपाइतके वर असतात. गार्गीच्या विमानाची चाकं टेकतात तेव्हा ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत असल्यासारखी असते. त्यामुळे नाक कधी उचलायचं, याचा अंदाज दोघांचा अगदी वेगळा. म्हणून टोपी दर झोपेत नव्यानं दोन टप्प्यांत काम करायची. झोपेच्या पहिल्या भागात माझं लँडिंग मुरवायची, आणि दुसऱ्या भागात त्यावर उंचीचा हिशेब चढवायची.

कंपनीनं दूरच्या मार्गांवरच्या वैमानिकांसाठी टोपी घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांच्या पाहण्यात आलं होतं, की दोघं एकाच गुरूकडे शिकलेले असतील तर ती उत्तम चालते.

"देशील?" गार्गीनं मला विचारलं.

"काय?"

"हात."

"लग्नात दिला होता की."

"तो एकच दिला होतास. आता दोन्ही दे."

दिले. आणि तिचं लँडिंग असं काही सुधारलं की कंपनीत चर्चा झाली. टोरोंटो, मेलबर्न, सेऊल. ती जिथं जाईल तिथून फोन यायचा, आणि मी जळगावच्या चहावाल्याला ऐटीत सांगायचो, "काल मेलबर्नला उतरलो." तो म्हणायचा, "साहेब, काल तर तुम्ही इथंच होता." त्याला काय सांगणार!

पहिल्यांदा लक्षात आलं ते माईंच्या. माझी एक खोड आहे. जमीन जवळ आली की मी उजव्या अंगठ्यानं इंजिनाच्या दांड्याची मूठ दोनदा ठोकतो, टक टक. का, ते मलाही माहीत नाही. एक दिवस गार्गी गॅसपाशी उभी होती. कुकर बंद करायच्या आधी तिनं अंगठ्यानं बटण ठोकलं, टक टक.

"हे काय गं?" माई म्हणाल्या. "नवऱ्यासारखी बोटं कसली वाजवतेस?"

"मी कुठं वाजवली?"

मी खो खो हसलो. गार्गीही हसली. पण माई हसल्या नाहीत.

मग एका हौशी माणसानं तिचं एक लँडिंग विमानतळाच्या कुंपणाबाहेरून चित्रित करून इंटरनेटवर टाकलं. हजारो लोकांनी वाहवा केली. मी दुपारच्या जेवणाला बसलो होतो, ताट सरकवून ते पुन्हा पुन्हा बघितलं. विमान खुणेवर नेमकं आलं, नेमकं बसलं, एक वीतही इकडं तिकडं नाही. उत्तम होतं. आणि पूर्णपणे माझं होतं. मला आखूड धावपट्ट्यांवर उतरायची सवय, मी वाट बघत बसत नाही, वेळेवर ठेवून मोकळा होतो. त्या मोठ्या विमानानं वाट म्हणून बघितली नाही. यात गार्गी कुठं होती?

ती आल्यावर मी तसं बोललो. तिनं बॅगेतलं चीज काढून फ्रिजमध्ये ठेवलं.

"काम होतंय ना?" मग म्हणाली. "तीनशे लोक सुखरूप उतरतात. आणखी काय हवं?"

"मला तुझं लँडिंग हवं."

"ते माझं मलाही हवं होतं," ती म्हणाली आणि आपल्या तळव्यांकडे बघत राहिली.

पुढच्या महिन्यात ते घडलं. उत्तर युरोपातला एक विमानतळ, आडवा सुसाट वारा. नियमाप्रमाणे उतरायच्या आधी गार्गी विमानातल्या वैमानिकांच्या बिछान्यावर टोपी घालून झोपली होती. वाटेत हवा बिघडली, विमान हादरायला लागलं, आणि तिला ठरल्यापेक्षा लवकर उठवावं लागलं. माझं लँडिंग तिच्या हातात मुरलं होतं, पण उंचीचा हिशेब चढायचा राहिला होता. हे कुणालाच कळलं नाही, तिलाही नाही. धावपट्टी आली, आणि तिचे हात माझ्या उंचीची वाट बघत बसले. तिसऱ्या मजल्यावर राहणारीनं तळमजल्यावाल्याच्या पायऱ्या मोजल्या, असं झालं. नाक उचलायच्या आत विमान आदळलं. दोन टायर फुटले. एका बाईच्या ओठाला दात लागून रक्त आलं. त्यापलीकडे कुणाला काही झालं नाही, पण व्हायला किती वेळ लागतो?

गार्गी घरी आली ती प्रवासी म्हणून, मागच्या सीटवर बसून. इतकी वर्षं ती कुठल्या कुठल्या वेळा अंगावर घेऊन आली, पण मी तिला वाकलेली कधी पाहिली नव्हती. त्या आठवड्यात पाहिली. मी कढईपाशी उभा राहून म्हणालो, "यू हॅव कंट्रोल." तिनं उलथनं घेतलं. काही बोलली नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिनं उत्तर दिलं नाही, आणि मला उलथनं सोडवेना. आम्ही दोघं खुळ्यासारखे एकच उलथनं धरून उभे. माई पदर डोळ्यांना लावून आत निघून गेल्या.

चौकशीत तिची चूक नाही असंच ठरलं. टोपी बंद झाली. पण कंपनीपुढं आता दुसराच प्रश्न होता. टोपी काढल्यावर गार्गीच्या हातात काय उरलं आहे? तिचं स्वतःचं लँडिंग खाली शाबूत असेल तर सरावानं ते वर येईल. पण ते पुसून जाऊन तिथं नुसते माझे हात, तेही चुकीच्या उंचीचे, उरले असतील तर तिच्या हाती कधीच विमान उतरवायला देता येणार नाही. तिनं यापुढं फक्त वर असताना विमान सांभाळायचं, खाली यायची वेळ झाली की उठून खुर्ची दुसऱ्याला द्यायची. जन्मभर.

डॉक्टर मुजावर स्वतः घरी आल्या. सकाळची वेळ, माईंनी पोहे केले होते, पण बाईंनी बशीला हात लावला नाही.

"माझं चुकलं," त्यांनी बसल्या बसल्याच सांगून टाकलं. "विमानातली झोप मोडते, हे मला, झोपेचा अभ्यास करणारीला, सुचायला हवं होतं."

"डॉक्टर, ते राहू द्या," गार्गी म्हणाली. "मला एवढंच सांगा, मी आत आहे की नाही?"

"मेंदूचं चित्र काढून ते दिसत नाही हो. मोठ्या विमानाच्या सिम्युलेटरमध्येही कळायचं नाही. तिथं यंत्र उंची मोठ्यानं बोलून दाखवतं, पन्नास, चाळीस, तीस. त्या दिवशी वाऱ्याच्या धांदलीत तो कानांवरून गेला, आता त्याच्या आधारानं तुम्ही जपून, व्यवस्थित उतराल. पण तो हात तुमचा की यांचा, हे कसं ओळखायचं?"

गार्गी खिडकीबाहेर बघत होती. एकदम वळली. "पराग, मला तुझ्या एसटीवर घे."

"काय?"

"तुझ्या विमानावर. किती वर्षं झाली मला ते सोडून. आवाज बंद करून, रिकामं विमान, खरी जमीन. माझ्या हातात तू असशील तर मी तुझ्याच उंचीवर नाक उचलेन, आणि तुझ्यासारखी सुरेख उतरेन. आणि मी असेन तर..."

"तर तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच नाक उचलाल," डॉक्टर ताडकन म्हणाल्या. "हात शेवटचं जे स्वतः शिकलाय तेच धरून बसतो. तुम्ही स्वतः शेवटचं शिकलात ते मोठं विमान! छोटं विमान तुम्ही नक्कीच आपटणार!"

"म्हणजे हिनं आपटलं तर चांगलं?" माईंनी विचारलं.

"होय आजी. आपटलं तरच."

"अगं बाई!" माई म्हणाल्या. "काय दिवस आलेत!"

परवानग्या मिळायला वेळ लागला, पण डॉक्टर त्या कामात मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. मी शिकवणारा कॅप्टन होतोच. नवऱ्यानं बायकोला विमान शिकवू नये असं नियमात कुठं लिहिलेलं नाही; शिकवल्यावर संसार टिकतो का, हा भाग वेगळा. सिम्युलेटरमध्ये मी तिच्याकडून इंजिन बंद पडणं, आग लागणं, सगळं करून घेतलं, पण प्रत्येक वेळी लँडिंगच्या आधी पडदा थांबवला. तिच्या हाताला छोट्या विमानाच्या जमिनीची ओळख होता कामा नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

मग एका सकाळी आम्ही रिकामं विमान घेऊन जळगावला गेलो. मी डावीकडे, गार्गी उजवीकडे, आमच्या मागच्या छोट्या खुर्चीवर पट्टे आवळून डॉक्टर मुजावर. आकाश धुतल्यासारखं, वारा नाही. उंची बोलणारा आवाज मी बंद केला. धावपट्टी समोर आली तेव्हा मी "यू हॅव कंट्रोल" म्हणालो. तिनं मान हलवली, दोन्ही हातांनी सूत्रं घेतली. बोलली नाही. नियमानं मी तिला टोकायला हवं होतं, पण माझी जीभ उचलली नाही.

मी इतक्या पोरापोरींना उतरायला शिकवलं. प्रत्येकाचं चांगलं व्हावं म्हणून जीव टाकला. कुणाचं लँडिंग बिघडावं म्हणून देवाला हात जोडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या सकाळी मी मनात म्हणत होतो, आपट बाई, आपट. सुरेख उतरू नकोस, पाया पडतो. हात मी मांड्यांखाली दाबून धरले होते, कारण ते माझं ऐकतील याची खात्री नव्हती.

शेतं मोठी व्हायला लागली. केळीच्या बागा सरकत मागे गेल्या. गार्गीनं एक हात इंजिनाच्या दांड्यावर ठेवला, आणि मला दिसलं की तिचा अंगठा वर उचलला गेला.

टक.

संपलं सगळं. हात माझेच होते. मी दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिलो, अंगठा वर होता, तसाच राहिला, आणि मग हळूच मुठीवर टेकला. दुसरा ठोका आला नाही.

धावपट्टीची कड खालून गेली. आणि गार्गीनं नाक उचललं.

केवढं लवकर! जमीन अजून कुठल्या कुठं खाली! माझ्यातला शिक्षक ओरडायला उठला, "वर आहेस, खूप वर आहेस!" मी ओठ दातांखाली धरला. ती मात्र शांत होती. नाक हलकंसं वर धरून, नजर दूर लावून, ती थांबली होती. जमीन आपणहून चाकांना येऊन लागेल म्हणून वाट बघत होती. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून. पण जमीन येईना, कारण ती अजून फार खाली होती. विमानाचा वेग ओसरला, ते अंगाखालून सुटायला लागलं. आता माझा उजवा हात मांडीखालून निघालाच होता, तेवढ्यात तिनं इंजिनाला जरासा जोर दिला, पडतं विमान सावरलं, आणि...

धप्प!

काय आपटलं म्हणून सांगू! माझे दात वाजले. मागचे सगळे रिकामे कप्पे एकदम धडाडले. अशा लँडिंगबद्दल मी शिकाऊ पोराला दोन दिवस हिणवलं असतं.

"या अल्ला!" डॉक्टर ओरडल्या. मग चाकं नीट धावायला लागली तशा त्यांनी नाकावरून घसरलेला चष्मा सरळ केला, आणि हसू न आवरता म्हणाल्या, "कॅप्टन बोंद्रे, अभिनंदन. तुमच्या बायकोला तुमच्यासारखं उतरवता येत नाही."

मी विमान धावपट्टीच्या टोकाला नेऊन वळवलं. गार्गीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसतही होती.

"किती वर होते मी?"

"तिसऱ्या मजल्यावर," मी म्हणालो. "इतकं भिकार लँडिंग माझ्या हातून या जन्मात झालं नसतं."

"माझंच होतं ते."

"तुझंच होतं, गार्गी. नखशिखांत तुझं."

टॉवरवरून कुणीतरी काळजीनं विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, इतकं ठीक कधीच नव्हतं. पुन्हा उडायची परवानगी द्या.

समोर रिकामी धावपट्टी. मी तिच्याकडे बघितलं. "यू हॅव कंट्रोल."

तिनं बाहीनं गाल पुसले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आय हॅव कंट्रोल."

मग मी हात सोडले.

त्या सकाळी तिनं बऱ्याच फेऱ्या मारल्या. दुसऱ्यांदाही वरच थांबली, पण कमी. तिसऱ्यांदा आणखी खाली. माझ्या विमानाची उंची तिचा हात आपला आपण शोधत होता, कुणाकडून उसनी न घेता. अंगठा पुन्हा वाजला नाही. दुपारी माईंना फोन केला तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "आपटलं का?" आणि हो म्हटल्यावर त्यांनी शेजारच्यांना पेढे वाटले. शेजाऱ्यांना अजून कळलेलं नाही की कशाबद्दल.

काही महिन्यांत ती पुन्हा आपल्या मोठ्या विमानाकडे जाईल, दूरच्या रात्रींकडे आणि जाड पडद्यांकडे. जाऊ दे, तिची जागा तिथंच आहे. टोपीतली माझी सगळी लँडिंगं मी पुसून टाकायला सांगितली आहेत. माझे हात आता जळगावच्या पुढं कुठं जात नाहीत, आणि टोरोंटोला ती एकटीच उतरेल, चांगली किंवा वाईट, पण तीच.

शेवटची फेरी मात्र सांगायला हवी. ऊन वर आलं होतं. धावपट्टीवर तिनं नाक हलकेच उचललं, या वेळी बरोबर माझ्या एसटीच्या टपाच्या उंचीवर, आणि थांबली. मी असतो तर ठेवून मोकळा झालो असतो. ती थांबली. आणखी थांबली. फ्लाइंग क्लबातल्या त्या मुलीसारखी, सगळा वेळ आपलाच असल्यासारखी. चाकं कधी टेकली ते मला कळलं नाही. खालचा आवाज बदलला तेव्हा समजलं की आपण जमिनीवर आहोत.

विमान उभं राहिलं. "कसं होतं?" तिनं विचारलं.

मी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसलो.